हवेची पहार

त्या साली केनवडच्या शिवारातलं पाणी होळीआधीच खाली गेलं आणि जगदेव पाटलाच्या संत्र्याच्या बगीच्यानं माना टाकल्या. झाडं पहिल्या बहाराची, लेकरासारखी वाढवलेली. पाटील रोज सकाळी विहिरीच्या काठावर येई, आत वाकून बघे आणि विचारी, "रूपला, लागलं का रे काई?" खालून रूपला सांगे, "पथ्थर लागला, पाटील." पाटलाला वाटे गडी थट्टा करतो. पण थट्टा करायला अंगात जीव उरावा लागतो, आणि रूपलाच्या अंगात दिवस मावळेपर्यंत घण उचलण्यापुरताच जीव होता.

विहीर खोल करायचं काम रूपलाच्या घरानं धरलं होतं. घर म्हणजे तीन माणसं, रूपला, त्याची बायको गोमती आणि धाकटा भाऊ भाऊसिंग. नाल्यापलीकडच्या माळावर त्यांचा तांडा. तिथली बरीच घरं बैल राखत, कुणी गवत विकत, कुणी कापसाच्या दिवसांत खाली मुलखात जात. पण खडकात सुरुंगाचं भोक पाडावं ते रूपलाच्याच घरानं, असं केनवडपासून रिसोडपर्यंत लोक मानत.

काम दिसायला साधं. गोमती खडकावर पाय फाकवून बसे आणि पहार दोन्ही हातांनी उभी धरी. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, म्हणजे चिखल डोळ्यांत उडत नाही आणि पोलाद तळव्यांना चावत नाही. एका बाजूनं रूपला, दुसऱ्या बाजूनं भाऊसिंग. एकाचा घण पडला की दुसऱ्याचा. दोन घावांमधे गोमती पहार जराशी फिरवी, कारण न फिरवता मारली तर पहार खडकात फसून बसते, मग देव आला तरी निघत नाही. मधेच पाणी ओतायचं, पळीनं चिखल काढायचा, की पुन्हा सुरू. हातभर भोक पाडता पाडता सूर्य डोक्यावरून कलून जाई. मग दारू ठासायची, वात लावायची आणि दोराला धरून जीव घेऊन वर पळायचं.

लग्न झाल्यापासून गोमती पहार धरत होती आणि रूपला घण मारत होता. त्याचा घण तिच्या हाताला कधी लागला नव्हता. तांड्यात सोयरीक जमवताना म्हातारे हे बोलून दाखवत. नवरा-बायकोत भांडणं काय होत नव्हती? होत होती, चांगली चुलीतलं लाकूड फेकून मारण्यापर्यंत होत होती. पण विहिरीत उतरलं की ती "हां" म्हणे आणि तो मारी, ती "थांब" म्हणे आणि उचललेला घण तो हातातच बाजूला वळवी. तिथं तिचा शब्द शेवटचा होता.

आणि पहारी तिच्याच होत्या. तीन. अठपैलू पोलादाच्या, एक लांब, दोन त्याहून आखूड. तिच्या बापानं जऊळक्याच्या रेल्वेच्या कामावर जन्म काढला होता. लेकीला लग्नात भांडी देण्याऐवजी त्यानं त्या पहारी दिल्या आणि सांगितलं, बाई, भांडं फुटते, हे फुटत नाई.

त्या वर्षीचा पाषाण मात्र वेगळाच निघाला. काळा, गुळगुळीत, त्याच्यात ना भेग ना शीर. टिकाव मारला तर नुसत्या ठिणग्या. रूपलाचा डावा खांदा सुजला होता. गोमती त्याच्यावर रोज रुईचं पान गरम करून बांधी आणि रोज सकाळी ते सोडून त्याला विहिरीवर घेऊन येई.

पाटलाचा धीर सुटला, तेव्हा ठेकेदार शालिग्राम मधे आला. विहिरीचा ठेका त्याचाच, रूपलाला काम त्यानंच दिलेलं. रिसोडचा माणूस, तोंडात सदा पान, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं भलं आपल्यापेक्षा यालाच जास्त कळतं. त्यानं मिलिटरीच्या लिलावातली डिझेलची एक आखूड नाकाची गाडी घेतली होती. आता अकोल्याच्या भंगारातून हवा दाबायचं एक यंत्र आणलं होतं. त्याचं म्हणणं असं, की हे यंत्र गाडीच्या इंजिनाच्या बाजूला बसवायचं, पट्ट्यानं इंजिनाला जोडायचं. इंजिन फिरलं की यंत्र फिरतं, टाकीत हवा ठासून भरते, रबरी नळीतून ती विहिरीत उतरते, आणि नळीच्या टोकाला जी पहार असते ती आपली आपणच मारते आणि आपली आपणच फिरते. पान चघळून होईस्तोवर भोक तयार.

तांड्यात त्या यंत्राला नाव पडलं, हवेची पहार. भाऊसिंगला ते ऐकून हसू आलं. रूपलाला आलं नाही.

गाडी विहिरीपर्यंत यायला वाट नव्हती. मधे नाला, नाल्याला दरड. शालिग्रामानं विहिरीचं काम थांबवलं आणि तांड्यालाच वाट करायला लावलं. गोमती डोक्यावर दगडांची पाटी घेऊन वैशाखाच्या उन्हात दरड बुजवत होती. एकदा पाटी खाली टाकून तिनं कमरेवर हात ठेवले आणि रूपलाला म्हणाली, "आपल्याच मयताची वाट आपुन साफ करून राह्यलो." रूपलानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोटाला काम हवं, आणि त्या घडीला काम म्हणजे तीच वाट होती.

गाडी आली, विहिरीजवळच्या लिंबाखाली उभी राहिली. तिच्याबरोबर रज्जाक मिस्त्री आला. कारंज्याचा माणूस, लढाईच्या वेळी फौजेच्या कारखान्यात हात काळे केलेला, बोलायला कमी. त्यानं गाडीचं झाकण उघडलं, यंत्र इंजिनाशेजारी टेकवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. यंत्र जड. ते नुसतं गाडीच्या लोखंडाला टांगून चालणार नव्हतं, त्याला खाली बैठक हवी. रज्जाकनं लोखंडी पट्ट्यांची बैठक केली, बोल्ट आवळले, इंजिनाच्या चाकापासून यंत्राच्या चाकापर्यंत सुतळी ताणून दोन्ही एका रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून पाहिलं, पट्टा चढवला आणि इंजिन सुरू केलं.

गाडीनं अंग झटकलं. यंत्र घोगऱ्या आवाजात खोकलं, टाकीवरचा काटा हलला, आणि पाटील "वा" म्हणतो न म्हणतो तोच बैठक तडकली. पट्टा सुटून झाकणावर असा फटकन बसला की बघायला जमलेली माणसं बगीच्यात पळाली. दुसऱ्यांदा रज्जाकनं जाड पत्रा घातला. तो तडकला नाही, पण वाकला. वाकला की चाक रेषेतून गेलं, आणि पट्टा कडेला घासून त्याचे धागे निघाले. शालिग्राम पान थुंकून रज्जाकला टाकून बोलला, सगळ्यांदेखत. रज्जाकनं फडक्याला हात पुसले. त्याचं सांगणं एवढंच होतं की लोखंड नरम आहे, इंजिनाच्या हादऱ्याला पोलाद पाहिजे, आणि असं पोलाद इथं कुठून आणायचं.

शालिग्रामाची नजर लिंबाच्या बुंध्याकडे गेली. तिथं तिन्ही पहारी टेकून ठेवल्या होत्या.

रूपलाला त्यानं बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. नेमका सुजलेल्या. त्याचं बोलणं गोड होतं. घणाचे दिवस आता गेले रूपला, म्हणाला. यंत्र धरायला माणूस लागणारच, तो बाहेरून कशाला आणू? गाडी जिकडं जाईल तिकडं तू जाशील, भाऊसिंगलाही घेऊ. नाही तर माझं काय, मी अकोल्याहून पोलादही आणीन आणि माणूसही. रूपलानं नाल्याकडं पाहिलं. गोमती पाण्याला गेली होती, ती परत यायला वेळ होता. खांद्यातून कळ निघत होती. आयुष्यभर हा घण उचलायचा नाही, हे त्याला त्या क्षणी इतकं गोड वाटलं की त्याच्या तोंडून होकार कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. लाजच वाटावी असं ते होतं, आणि त्याला वाटलीही, पण नंतर.

गोमती घागर घेऊन आली तेव्हा लिंबाखाली मांडलेल्या गावच्या लोहाराच्या भट्टीत लांब पहार लाल झाली होती. लोहार तिचं टोक चपटं करत होता, रज्जाक तापल्या पोलादात भोक पाडत होता. बाकीच्या दोन तोडून झाल्या होत्या. तिनं घागर खाली ठेवली.

"मले इचाराचं होतं," ती रूपलाला म्हणाली.

"तू नाई म्हटलं असतं."

"हो. म्हटलं असतं." एवढंच बोलून तिनं घागर पुन्हा डोक्यावर घेतली. त्या दिवशी घरात भाकरी झाली, पण रूपलाशी कुणी बोललं नाही. भाऊसिंगही नाही.

बैठक मात्र अशी बसली की रज्जाकही खूष झाला. दोन पहारींचे दोन पाय, तिसरीचा तिरका टेका. वर यंत्र, त्याला ना हलणं ना डुलणं. इंजिन तापू लागलं की बाया नाल्यात उकरलेल्या झऱ्यातून पाणी आणून त्याच्या तोंडात ओतत. टाकीवरचा काटा चढत गेला आणि रज्जाकनं रूपलाच्या हातात ती हवेची पहार दिली. वजनाला वाढत्या करडाएवढी, वर दोन मुठी. एका मुठीखाली लोखंडाची पट्टी. ती दाबली की पहार चालते, सोडली की थांबते.

"डर लगा तो छोड देना," रज्जाक म्हणाला. "बस इतकंच ध्यानात ठेव, रूपलाभाऊ. मूठ सोडली का मशीन मेली."

बांधावरच्या मुरमात रूपलानं ती चालवून पाहिली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. दात एकमेकांवर आपटले, पोटातली भाकरी हलली, पण खांदा उचलावा लागला नाही. भाऊसिंगनं टाळ्या वाजवल्या. पाटलानं आपल्या हातानं रूपलाला चहा दिला, कपात. गोमती लांब उभी होती. रूपलानं तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं नजर वळवली नाही, त्याला तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विहिरीत उतरले. आता गोमतीचं काम पहारीचं नव्हतं, दगड टोपल्यात भरायचं होतं. वर इंजिन सुरू झालं. विहिरीत तो आवाज असा भरला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. रूपलानं पहार पाषाणावर टेकवली आणि पट्टी दाबली.

पहार घसरली. खाली मुरूम नव्हता, तो काळा गुळगुळीत पाषाण होता आणि त्याला उतार होता. टोक त्याच्यावर थुईथुई नाचलं आणि हातभर लांब गेलं. त्यानं पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळून गेली. हाताच्या पहारीनं आधी चार घाव मारून खळगी केली असती, तर त्या खळगीत हिचं टोक बसलं असतं. ते त्याला कळत होतं. भाऊसिंगला "पहार दे" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिन्ही पहारी वर गाडीच्या पोटात होत्या.

काठावरून शालिग्राम हातवारे करत होता. डिझेल जळतंय, असं तो सांगत असावा. त्याच्यामागं पाटील, पाटलामागं निम्मं गाव.

गोमतीनं टोपलं खाली ठेवलं. कमरेचं फडकं काढून घागरीत भिजवलं, हाताला गुंडाळलं, आणि पाषाणावर पाय फाकवून बसली. जन्मभर बसत आली तशी. पहारीच्या पोलादाला खाली, टोकाच्या वर, तिनं उजव्या हाताची मूठ घातली आणि मान हलवली. मार.

रूपलाला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. उलट त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. पहार ती धरते आहे, आता भोक सरळ जाईल. भाऊसिंगलाही काही वाटलं नाही. रज्जाकला वाटलं असतं, पण तो वर इंजिनापाशी होता. रूपलानं पट्टी दाबली, आणि टोक पाषाणात रुतलं. पहिल्यांदाच रुतलं. पांढरी भुकटी उडाली. गोमतीच्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं.

मग पोलाद फिरलं. आजवर तिनं पहार फिरवली होती, पहारीनं तिला कधी फिरवलं नव्हतं. ओलं फडकं पोलादाला चिकटलं, पोलादानं ते आपल्याभोवती ओढून घेतलं, आणि फडक्याच्या मागोमाग हात गेला. तिचं तोंड उघडलं. ती "थांब" म्हणाली. रूपलाला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, तो शब्द त्याच्या ओळखीचा होता. आणि भीतीनं त्याची मूठ आवळली. घण मारणाऱ्याची मूठ भीतीनं आवळतेच. घाबरून घण सोडला तर समोरच्याचं डोकं फुटतं, हे त्याला बापानं मारून मारून शिकवलं होतं. तो जितका घाबरला तितकी मूठ घट्ट झाली, आणि मूठ घट्ट होती तोवर पहार चालत राहिली. शेवटी भाऊसिंगनं झडप घालून त्याची बोटं एकेक करून उपटली.

इंजिन वर चालूच होतं.

खाटेला दोर बांधून तिला वर काढलं. तिच्या हाताकडं बघवत नव्हतं. कोपरापर्यंत भरलेला चुडा फुटून मांसात घुसला होता. ती ओरडत नव्हती, डाव्या हातानं खाटेचं लाकूड धरून होती. पाटील म्हणाला, वाशिमला न्या, दवाखान्यात. शालिग्राम गाडीकडं बघत राहिला. गाडीची चाकं दगडांवर उचलून ठेवलेली, पट्टे ताणलेले, टाकी भरलेली. हे सगळं सोडायचं म्हणजे आजचा दिवस गेलाच, उद्याचाही जाईल. बैलगाडी जुंपा म्हणाला. बैलगाडीही हळू जात नाही, म्हणाला.

रज्जाकनं खिशातून चाकू काढून नवा पट्टा कापला, चाकांखालचे दगड लाथेनं उडवले आणि गाडीत चढून बसला. मग शालिग्रामालाही पुढं बसावं लागलं, गाडी त्याची होती.

रूपला मागं टाकीला टेकून बसला, गोमतीचं डोकं मांडीवर घेऊन. नाल्याची दरड तिनंच पाट्या वाहून बुजवलेली होती, तरी गाडीचा हिसका बसलाच. वाशिम येईपर्यंत तिनं एकदाच डोळे उघडले.

"तुये हात पाह्य," ती म्हणाली. "लागलं का कुठी?"

त्यानं हात पाहिले. लागलं नव्हतं. त्याला वाटलं, लागलं असतं तर बरं झालं असतं, दोन्ही तुटले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरनं हात कोपराच्या वर कापला. त्याआधी दंडावरचा हाडाचा चुडा करवतीनं काढावा लागला, बारीक दातांच्या. रूपला दाराबाहेर उकिडवा बसून तो आवाज ऐकत होता. तांड्यात बाईचा चुडा निघतो तो नवरा मेल्यावर.

ती परत आली तेव्हा पाटलाच्या विहिरीला पाणी लागून गेलं होतं. रज्जाक पुन्हा आला नाही. शालिग्रामानं दुसरा मिस्त्री आणला, दुसरा पट्टा आणला, आणि यंत्र भाऊसिंगनं धरलं. पाणी लागलं की पाटलानं नारळ फोडायचा तो विहीर धरणाऱ्याच्या पहारीवर, अशी त्या भागाची रीत. पहार नव्हती. नारळ गाडीच्या नाकावर फोडला.

तांड्यातल्या बाया गोमतीला बघायला आल्या. उघडा दंड बघून एकीच्या तोंडून विधवेसाठी काढतात तो सूर निघाला, आणि सवयीनं बाकीच्यांनी तो उचलला. रूपला तिथंच दारात बसला होता. आपल्या नावानं काढलेलं रडणं ऐकत जितेपणी बसायची पाळी कुणावर येऊ नये. गोमतीनं त्यांना रडू दिलं. सूर ओसरल्यावर म्हणाली, "झालं का? आता पानी भरून द्या एक घागर."

शालिग्रामाची गाडी कामरगावकडं निघाली, तेव्हा त्यानं रूपलाला बोलावणं धाडलं. शब्द दिला होता तो पाळतो, असं सांगून पाठवलं. रूपला गेला नाही. भाकरीचा तुकडा मोडतानाही त्याची बोटं मिटली की लवकर उघडत नव्हती. भाऊसिंग गेला. जाताना भावाच्या पाया पडला आणि उभाच राहिला, काही ऐकायचं असल्यासारखा. रूपलाला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला त्याला फार वेळ लागला.

"भेव वाटलं त सोडून देजो," तो म्हणाला. "घणाचं समदं इसरून जाय."

त्यानंतर एका सकाळी दोघं नवरा-बायको सडकेच्या कामावर जायला निघाली. गिट्टी फोडायची, छोट्या हातोडीनं, बसून. तिला एका हातानं टोपली ओढता येईल असं मुकादम म्हणाला होता. कामाला जायचं तर अंगात काचळी, तांड्यातल्या बायांची चोळी, घालायला हवी, आणि तिचे बंद पाठीवर असतात. इतके दिवस शेजारीण येऊन बांधून देई. आज शेजारीण माहेरी गेली होती.

गोमतीनं पाठ त्याच्याकडं केली आणि उभी राहिली. रूपलानं बंद हातात घेतले. आयुष्यात असलं काम त्यानं केलं नव्हतं. त्यानं गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, ती ढिलीच राहिली आणि काचळी खांद्यावरून घसरली.

"आवळून बांध," ती म्हणाली.

"लागन तुले."

"लागू दे."

त्याच्यानं ओढवेना. काचळीचे बंद बोटांत धरून तो तिच्या पाठीमागं तसाच उभा राहिला. उन्ह अंगणात आलं, सडकेची माणसं हाका मारत पुढं निघून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि घाईही केली नाही. बराच वेळ गेल्यावर, जणू विहिरीत बसली आहे अशा आवाजात, ती हळूच "हां" म्हणाली, आणि त्यानं गाठ ओढली.